सेटर : शिकवणुकीकडून वंशावळीकडे

इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यात ऑक्टोबर १६८५ मध्ये एक छोटासा करारनामा लिहिला गेला. जॉन हॅरिस नावाच्या, स्वतःची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याने रिब्सफर्डच्या हेन्री हर्बर्ट या जमीनदाराला तो लिहून दिला. हर्बर्टची 'क्वॉन्ड' नावाची स्पॅनिएल कुत्री हॅरिसने पुढच्या १ मार्चपर्यंत आपल्याकडे ठेवायची आणि तित्तिर, फेझंट इत्यादी पक्ष्यांचा ठाव दाखवून स्थिर बसण्याची विद्या तिला शिकवायची, असा हा करार होता. उत्तम कुत्री हे काम जितके अचूक करतात तितकेच अचूक ते क्वॉन्डला करता आले पाहिजे, अशी त्यात अट आहे. मोबदला म्हणून हॅरिसला १० शिलिंग आगाऊ मिळाले आणि उरलेली रक्कम पुढे द्यायची ठरली.

पक्ष्यांच्या शिकारीत साथ देणाऱ्या सेटर जातीच्या कुत्र्यांचा इतिहास लिहिणारे या कागदाचा उल्लेख कौतुकाने करतात. आम्हां साहित्याच्या अध्यापकांचे लक्ष मात्र त्यात जे नाही त्याकडे जाते. क्वॉन्डचे आईबाप कोण, तिचे रक्त कोणत्या घराण्याचे, याबद्दल करारात चकार शब्द नाही. जातीने ती स्पॅनिएल आहे. 'सेटर' तिला व्हायचे आहे, आणि ते होणे शिकवणुकीवर अवलंबून आहे. यानंतर दोनशे वर्षे उलटायच्या आत 'सेटर' हा शब्द जन्मजात ओळखीचा वाचक झाला. शिकून मिळणारे नाव जन्माने मिळू लागले. हा बदल कसा घडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

नाव कामाचे

पक्षी शोधून देणाऱ्या कुत्र्यांचे वर्णन फार जुने आहे. फ्रान्समधील फ्वा परगण्याचा सरदार गास्तों फेबूस याने १३८७ च्या सुमारास शिकारीवर जो ग्रंथ रचायला घेतला, त्यात स्पेनहून आलेल्या आणि म्हणून स्पॅनिएल म्हटल्या जाणाऱ्या कुत्र्यांविषयी प्रकरण आहे. जमिनीलगत दबून बसायला शिकवले की जाळ्याने तित्तिर आणि लावे धरण्यास ही कुत्री उपयोगी पडतात, हे त्याने तेव्हाच नोंदवले होते.

पुढची महत्त्वाची नोंद केंब्रिजचा वैद्य आणि विद्वान जॉन कायस याची. कोनराड गेस्नर या स्विस निसर्गशास्त्रज्ञ मित्रासाठी त्याने इंग्लंडमधील कुत्र्यांची माहिती जुळवली. ती १५७० मध्ये लॅटिनमध्ये आणि १५७६ मध्ये एब्राहम फ्लेमिंगने केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या रूपाने छापली गेली. कायसची वर्गवारी आजच्या वाचकाला चकित करते. कुत्र्यांचे कान, केस किंवा रंग यांवर तिचा भर नाही. कोण वास काढतो, कोण नजरेने पाठलाग करतो, कोण घर राखतो, अशी ती कामांवर उभी आहे. सेटरला त्याने लॅटिन नाव दिले 'इंडेक्स'. ग्रंथाच्या सूचीला आणि दाखवण्याच्या बोटाला, म्हणजे आपल्या तर्जनीला, हाच शब्द आहे. पक्षी हुंगताच हा कुत्रा आवाज बंद करतो, पोट जमिनीला टेकवून सरपटत पुढे जातो आणि जवळ पोचल्यावर आडवा होऊन पंजाने जागा दाखवतो, असे कायस सांगतो.

या दबून बसण्यामागे साधे व्यावहारिक कारण होते. संकटाची चाहूल लागताच तित्तिर एकदम उडत नाहीत. गवतात अंग चोरून निश्चल बसतात. कुत्राही तसाच निश्चल झाला, तर दोन्ही बाजूंनी जाळ्याची टोके धरून चालणाऱ्या पारध्यांना ते जाळे कुत्र्याच्या अंगावरून ओढत नेऊन सगळा थवा झाकता येई. उभा कुत्रा या कामात अडथळाच. इंग्रजीतील 'सेट' या क्रियापदाचा इथला अर्थ असा 'ठाव दाखवून बसणे' हा आहे.

कुत्र्याकडून यात जे मागितले जाते ते सोपे नाही. वास घेणे, शोधणे, दबा धरणे, झेप घेणे, पकडणे, खाणे ही शिकारी प्राण्याची स्वाभाविक साखळी. सेटरने ती तिसऱ्या कडीवर थांबवायची. गंध नाकात भरलेला, भक्ष्य दोन हातांवर, अंग थरथरते आहे, आणि तरी पाऊल पुढे टाकायचे नाही. दबा धरण्याचा क्षणभराचा थांबा ताणून मिनिटांचा करणे, हे या कुत्र्याच्या शिक्षणाचे सार आहे.

जर्व्हेस मार्कम याने १६२१ मध्ये पाखरे धरण्याच्या कलेवर जे पुस्तक लिहिले, त्यात अशा कुत्र्याची निवड आणि संगोपन यांवर तपशीलवार लेखन आहे. त्याच्या मते सेटर म्हणजे जमिनीवर काम करणारा धट्टाकट्टा स्पॅनिएलच. शिकवून तयार झालेला. पिल्लाने आधी धन्यावर माया करावी, त्याच्याच हातून खावे, त्याच्या शब्दासरशी निजावे आणि मग रानात जावे, असा क्रम तो लावून देतो. आमच्या समजुतीप्रमाणे या क्रमात फारसा बदल चारशे वर्षांत झालेला नाही.

कुत्रा कोणाचा?

क्वॉन्ड ज्या काळात शिकत होती, त्या काळात असा कुत्रा बाळगणे हा कायद्याचा विषय होता. १६७१ च्या शिकार कायद्याने पक्षी आणि ससे मारण्याचा हक्क वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्नाची कायम मालकीची जमीन असणाऱ्यांना, १५० पौंड उत्पन्नाचा दीर्घ मुदतीचा पट्टा असणाऱ्यांना आणि काही उच्चकुलीनांना दिला. इतरांच्या घराची झडती घेऊन बंदुका, जाळी, ताजी कुत्री आणि 'सेटिंग डॉग' जप्त करण्याचा अधिकार जमीनदारांच्या रानराख्यांना मिळाला. जप्त करायच्या वस्तूंच्या यादीत आपल्या कुत्र्याचे नाव स्पष्टपणे आहे. परगण्यातून संसदेसाठी मत देण्यास तेव्हा ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड वार्षिक उत्पन्नाची जमीन पुरत असे. मतापेक्षा तित्तिर मारायला पन्नासपट मालमत्ता लागते, या विसंगतीवर अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडितानेही बोट ठेवले होते.

या पार्श्वभूमीवर हॅरिसचा करार पुन्हा वाचावा. विद्या शेतकऱ्याची आहे, कुत्री जमीनदाराची. साध्या शेतकऱ्याचे उत्पन्न या मर्यादेच्या पुष्कळ खाली असे. म्हणजे जी विद्या तो कुत्रीला शिकवणार, ती स्वतःसाठी वापरण्यास कायद्याने बहुतेकांना बंदीच होती. मालमत्तेची ही अट १८३१ पर्यंत, म्हणजे एकशेसाठ वर्षे, टिकली. हातात कसब आणि नावावर काही नाही, अशा माणसांनी एक अख्खी परंपरा घडवावी आणि इतिहासात ती सरदारांच्या नावाने ओळखली जावी, हे आपल्याकडील कलांच्या इतिहासातही अपरिचित नाही. स्कॉटलंडमधील काळ्या-तांबूस सेटरला पुढे नाव मिळाले ते गॉर्डनच्या चौथ्या ड्यूकचे. पहाटे दवात उभे राहून त्या पिल्लांना शिकवणाऱ्या नोकरांची नावे त्या मानाने कोणाच्या ओठी नाहीत.

बंदूक आणि 'मोडणे'

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून चकमकीच्या हलक्या बंदुका हाती आल्या आणि उडता पक्षी टिपण्याची रीत इंग्लंडात रुजली. तिचे आकर्षण इतके होते की जॉर्ज मार्कलंड याने १७२७ मध्ये त्यावर चक्क एक काव्य रचून प्रसिद्ध केले. बंदुकीने सेटरचे काम बदलले. जाळे अंगावरून जायचे नसल्याने दबून बसण्याची गरज उरली नाही. उलट उंच गवतात धन्याला दिसेल असा उभा कुत्रा सोयीचा. कित्येक सेटर आजही जवळ पोचल्यावर अंग खाली सोडतात, आणि जाळ्याच्या काळाची ती खूण मानली जाते. नव्या मागण्याही आल्या : वाऱ्याच्या तोंडावर, आडव्या फेऱ्या मारत रान विंचरणे, सोबतचा कुत्रा थबकला की त्याच्या मागे आपणही थबकणे, पक्षी उडाला, बार झाला, तरी जागा न सोडणे.

इंग्रजीत या शिक्षणाला जो शब्द रूढ होता त्याचा अर्थ 'मोडणे'. कुत्रा मोडायचा, घोडा मोडायचा. आपल्याकडे खोंड वठणीवर आणतात, घोडा फेरतात आणि तो फेरणाऱ्याला चाबुकस्वार म्हणतात. तिथेही चाबूक शब्दातच शिरलेला आहे. १८४८ मध्ये हचिन्सन या लष्करी अधिकाऱ्याने कुत्र्यांच्या शिक्षणावर लिहिलेले पुस्तक पुढे अनेक आवृत्त्यांतून वाचले गेले. शीर्षकात त्याने 'मोडणे' हाच शब्द ठेवला, पण आत मारझोडीविरुद्ध युक्तिवाद केला. कुत्र्याला आज्ञेचा अर्थ कळलेला नसताना दिलेली शिक्षा त्याला फक्त भित्रा करते. हाताच्या खुणा आणि शिट्टी घराजवळ, शांतपणे, पक्के करा. बक्षीस चुकवू नका. पुढची पायरी आधीची पक्की झाल्यावरच, असे त्याचे सांगणे होते. वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही ते पटावे.

रक्ताचे शतक

एडवर्ड लेव्हरॅक (१८००–१८७७) हा या कथेतील सर्वांत विलक्षण माणूस. तरुणपणी तो जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारी करत होता. दूरच्या नातलगाची संपत्ती वारशाने मिळाली आणि उरलेले आयुष्य त्याने शिकार आणि सेटर यांत घालवले. १८२५ मध्ये कार्लाइल गावाजवळच्या हॅरिसन नामक पाद्र्याकडून त्याने पाँटो आणि ओल्ड मोल अशी जोडी घेतली. १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेटरवरील आपल्या पुस्तकात त्याने दावा केला की आपली सगळी कुत्री याच एका जोडीची संतती असून जवळजवळ पन्नास वर्षांत बाहेरचे रक्त त्यांत आलेले नाही. त्याने छापलेल्या वंशावळींच्या शाखा मागे जाता जाता त्याच दोन नावांवर येऊन थांबतात.

हा दावा अक्षरशः खरा असावा का, याबद्दल पुढच्या अनेक जाणकारांनी शंका घेतली. इतकी पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींची जोडणी केल्यावर कुत्री धडधाकट राहणे अवघड. शिवाय त्या वंशात नसायला हवेत असे रंग मधूनच उगवत. आमच्या दृष्टीने दावा खरा की खोटा यापेक्षा तो करावासा वाटला, हे अधिक बोलके आहे. मार्कमच्या काळी चांगला कुत्रा 'कसा वाढवला' हे सांगितले जाई. लेव्हरॅकच्या काळी तो 'कोणाचा' हे सांगणे पुरेसे भारदस्त झाले होते. वारशाने श्रीमंत झालेल्या, मुळात जोडे शिवणाऱ्या माणसाने शुद्ध वंशाची सर्वांत लांब कहाणी रचावी, यात त्या शतकाचे अंतरंग दिसते.

१८५९ हे वर्ष या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी जूनमध्ये न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. त्यात प्रवेश होता फक्त पॉइंटर आणि सेटर यांना, आणि बक्षीस होते बंदुका. त्याच वर्षी नोव्हेंबरात डार्विनचा जीवजातींच्या उगमावरील ग्रंथ आला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात, माणसाने न कळत केलेल्या निवडीचे उदाहरण देताना, सेटर स्पॅनिएलपासून हळूहळू बदलत आला असावा असे जाणकारांचे मत डार्विन नोंदवतो. उपजत प्रेरणांच्या चर्चेत पॉइंटरची कोवळी पिल्ले पहिल्याच फेरीत, कोणी न शिकवता, कधी कधी पक्ष्यासमोर थबकतात, हेही तो सांगतो. म्हणजे रक्ताची बाजू खोटी नव्हती. थबकण्याची ओढ वारशाने येते. ती किती ताणली जाईल, आज्ञेत कितपत राहील, हे संगोपन ठरवते. दोन्ही मिळून सेटर होतो.

प्रदर्शनाने मात्र तिसरीच कसोटी आणली : रूप. मंडपात वारा नसतो, तित्तिर नसतात. तिथे दिसतात केसांची झालर, मानेची कमान, रंगाची झळाळी. रानातल्या कामाची पहिली स्पर्धा १८६५ मध्ये बेडफर्डशायरमधील साउथहिल येथे झाली, १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि लवकरच वंशनोंदीची वही छापली गेली. मंडप आणि रान या दोन वाटा तेव्हापासून दुरावत गेल्या. लेव्हरॅकने आपले पुस्तक ज्याला अर्पण केले, त्या पर्सेल लुएलिनने लेव्हरॅकच्या कुत्र्यांत उत्तरेकडील कामाच्या कुत्र्यांचे रक्त मिसळून रानासाठी वेगळी शाखा उभारली. अमेरिकेत रानातल्या स्पर्धांत तीच पुढे गाजली.

दुराव्याची सर्वांत मोठी किंमत आयर्लंडच्या तांबड्या सेटरने मोजली. देखणेपणामुळे तो मंडपाचा लाडका झाला. १९६२ च्या 'बिग रेड' या चित्रपटाने त्याला अमेरिकेत घरोघरी नेले आणि १९७०च्या दशकात त्याची मागणी अतोनात वाढली. शिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती ती त्याआधीच. काही पैदासकारांनी १९५०च्या दशकापासून इंग्लिश सेटरचे रक्त मिसळून त्याचे हरवलेले काम परत मिळवण्याचा खटाटोप केला. त्यावर वंशशुद्धीच्या रक्षकांनी नाके मुरडली. बंद वहीतल्या पैदाशीने आजारही साठवले. या जातीतील एका वंशागत अंधत्वाला कारणीभूत असणारा जनुकीय दोष १९९३ मध्ये, आणि पांढऱ्या पेशी निकामी करून पिल्लांचा जीव घेणाऱ्या विकाराचा दोष १९९९ मध्ये सापडला. आज एका रक्तचाचणीत हे दोष कळतात आणि जबाबदार पैदासकार त्या करतात. वंशावळीचा कागद जे झाकत आला, ते वाचायला प्रयोगशाळा लागली.

त्यामुळे आजचा जाणकार पिल्लू निवडताना काय पाहतो, हे लक्षणीय आहे. चाचण्यांचे दाखले तो मागतोच, पण आधी आईबापांना रानात काम करताना पाहतो. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे नाक पारखता येत नाही. पारखता येतो तो त्याचा धीटपणा आणि माणसाकडे येण्याची ओढ. घरी आणल्यावर पहिले महिने हाक, 'बस', लांब दोरी आणि भरपूर मोकळे धावणे. बंदुकीचा आवाज दुरून, खाण्याच्या वेळी, हळूहळू जवळ आणायचा. या बाबतीत एकदा घेतलेली भीती बहुधा जन्मभर जात नाही. पहिल्या पाखरांमागे ते धावले तर रागवायचे नाही. ओढच नसेल तर थांबवायचे तरी काय? निवडीची ही रीत मार्कमच्या फार जवळची आहे.

नोंदवहीचा तर्क

दख्खनच्या माळावर साहेब लोक तित्तिर, लावे आणि पाणलावे मारीत, तेव्हा त्यांच्यासोबत विलायतेहून आणलेली कुत्रीही असत. त्याच माळावर तीच पाखरे फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या धरत आले होते : ओळीने रोवलेले फासे आणि पिंजऱ्यातला पाळलेला तित्तिर साद घालायला. वूस्टरशायरच्या शेतकऱ्याचे जाळे आणि पारध्याचा फासा यांत फारसे अंतर नाही. दोन्ही विद्या बंदुकीपूर्वीच्या, दोन्ही बिनमालमत्तेच्या.

आणि इथे आमच्या विषयाला एक कठोर वळण मिळते. केनेल क्लबच्या स्थापनेआधी दोनच वर्षे, १८७१ मध्ये, हिंदुस्थानच्या सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेत आणि १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही लागू झालेल्या या व्यवस्थेत फासेपारध्यांसारख्या जमातींच्या माणसांची नावे वहीत चढवली गेली आणि त्यांच्यावर हजेरी लादली गेली. एका गोष्टीचा उगम दुसरीत होता असे आम्ही म्हणत नाही, आणि माणसांची तुलना जनावरांशी करण्याचा तर विचारही नाही. साम्य आहे ते नोंदवहीच्या तर्कात. काय शिकलास, काय केलेस, हे न विचारता कोणाच्या पोटी आलास हे विचारायचे आणि त्यावरून माणसाचे वागणे आधीच ठरवून टाकायचे, हा तो तर्क. जन्मावरून लायकी ठरवणाऱ्या आपल्या जातिव्यवस्थेला तो परका वाटला नसेल. उलट दिशेचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी फासेपारध्यांना विश्वासाच्या नोकऱ्या दिल्या आणि १९१८ मध्ये हजेरीची पद्धत बंद केली. देशभरातील तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. डाग पुसला गेला का, हे पारध्यांच्या आत्मकथनांतून वाचकांनी वाचले आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडे तित्तिरांची शिकार साहेबी थाटाची असो वा फाशाची, दोन्ही बंद झाल्या. पाखरांच्या दृष्टीने ते इष्टच होते. ज्यांची उपजीविका गेली त्यांच्यासाठी दुसरी विद्या शिकवण्याचा करार मात्र कोणी लिहून दिला नाही.

लास्काचे नाक

साहित्याच्या वाचकाला या विषयात शेवटी टॉलस्टॉय आठवतोच. 'आना कारेनिना'च्या सहाव्या भागात लेविन पहाटे एकटाच शिकारीला निघतो आणि निवेदन काही काळ त्याच्या कुत्रीच्या, लास्काच्या, जाणिवेत शिरते. पक्षी कुठे आहे ते तिला गंधावरून जवळजवळ कळले आहे. लेविन मात्र भलतीच जागा दाखवतो. तिथे काही नाही हे तिला ठाऊक असूनही त्याचे मन राखण्यासाठी ती तिकडे जाऊन शोधल्यासारखे करते आणि मग आपल्या जागेवर परत येऊन थबकते. पक्षी तिथेच असतो.

शिकवणारा आणि शिकणारा यांच्या नात्याविषयी इतके नेमके निरीक्षण आम्हांला क्वचित आढळले आहे. लास्काने आज्ञा पाळली, पण आपले नाक गहाण टाकले नाही. उत्तम संगोपन म्हणतात ते बहुधा हेच. नुसती आज्ञा शिकलेला कुत्रा रिकाम्या जागी थांबतो, नुसत्या रक्तावर सोडलेला पाखरामागे पळत सुटतो, आणि नुसत्या रूपासाठी निवडलेला मंडपाबाहेर कामाचा राहत नाही. क्वॉन्ड १ मार्च १६८६ पर्यंत तयार झाली की नाही, हे करारनामा सांगत नाही. पण ती काय करू शकते हे तिला रानात नेऊनच ठरणार होते, यावर हॅरिस आणि हर्बर्ट यांचे एकमत होते. विद्यार्थ्याच्या आडनावावरून त्याच्या उत्तरपत्रिकेचा अंदाज बांधणाऱ्या आपल्या शिक्षणव्यवस्थेला एवढे एकमत अजून साधायचे आहे.